कोऱ्या चकतीचा कान

प्रयोगशाळेत सेलना नंबर द्यायचा नियम होता. धाकटीने तो पहिल्याच वर्षी मोडला. नंबर लक्षात राहत नाहीत, माणसं राहतात, असं तिचं म्हणणं. म्हणून ती आपल्या सेलना नातेवाइकांची नावं द्यायची, तीही स्वभाव कळल्यावर. दोन दिवसांत फुगून बसतो तो आत्या. पहिल्या दिवशी आभाळाला हात लावतो आणि आठवड्यात मान टाकतो तो मामा. थोडंच देतो पण कुरकुर न करता देत राहतो तो आजोबा. घरात सगळ्यांत लहान म्हणून तिचं स्वतःचं नाव धाकटी पडलं होतं आणि तिशी ओलांडली तरी ते सुटलं नव्हतं, त्यामुळे नाव चिकटलं की काय होतं हे तिला चांगलं ठाऊक होतं. सेल चार्ज-डिस्चार्ज करून मोजणाऱ्या टेस्टरच्या खोबणींवर तिच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या बघून एकदा वीजदुरुस्तीवाल्याने विचारलं होतं, "मॅडम, ही घरातली भांडणं इथे मोजता का?"

काम सांगायला सोपं होतं. बटणाएवढ्या सेलमध्ये एका बाजूला जस्ताची पत्री, दुसऱ्या बाजूला मँगनीज ऑक्साइडचा काळा लेप, म्हणजे कॅथोड, आणि मध्ये क्षार विरघळवलेलं पाणी. पाणीच असल्यामुळे पेट घेण्याची भीती नाही, जस्त स्वस्त, मँगनीज त्याहून स्वस्त. जगाचं भलं व्हायला एवढं पुरेसं होतं. खोड एकच. तो काळा लेप वापरता वापरता पाण्यात विरघळायचा. चार वर्षं पाण्यात गेली असं लोक उगीच म्हणतात, धाकटीची खरोखरच गेली होती, आणि किती गेली ते ती मोजूनही दाखवू शकत होती.

त्यावर सरांनी दोन उपाय काढले होते. सर म्हणजे तिचे मार्गदर्शक, निवृत्तीला आलेले, आवाजाने मोठे आणि मनाने त्याहून जरा बरे. पहिला उपाय: पाण्यात आधीच मँगनीजचा क्षार घालून ठेवायचा. "पाण्याचं पोट भरलेलं असलं की ते लेप कशाला खाईल?" असं सर म्हणायचे, आणि ते पटण्यासारखं होतं. दुसरा उपाय धाकटीच्या गळ्यात होता. मँगनीज ऑक्साइडच्या थरांत बिस्मथ नावाचा धातू थोडासा घुसवून भट्टीत भाजलेली एक काळी पूड तिने बनवली होती. हीच ती पूड, जिच्यावर तिचा प्रबंध उभा होता. संस्थेने मुदत वाढवून दिली होती, मग पुन्हा दिली होती, आणि शेवटची वाढ तर सरांनी समितीशी अक्षरशः भांडून आणली होती. यंदा प्रबंध पार पडला तर डॉक्टर, नाही तर चार वर्षं भट्टीपुढे बसून बाईला काय मिळालं, तर खोकला. आत्याचं हे वाक्य दोन समारंभांत म्हणूनही झालं होतं.

आता चकतीचं सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिच्यावरून घडलं. लेप लावायचा तो कार्बनच्या कागदावर. त्या कागदाच्या गोल चकत्या पाडायच्या, लेप लावायचा, वाळवायचा आणि वजन करायचं. कागद काळा, लेपही काळा. कोरी चकती आणि लेपाची चकती शेजारी ठेवली तर जन्मदात्यालाही ओळखू येणार नाही. पण लेपाचं वजन काढायला कोरी चकती तराजूवर लागतेच. म्हणून धाकटीने स्वतःपुरती एक युक्ती केली होती. कोऱ्या चकतीच्या कडेला कात्रीने एक बारीकशी खाच मारायची. याला ती कान कापणं म्हणायची. कान कापलेल्या कोऱ्या चकत्या डाव्या बशीत, लेपाच्या उजव्या बशीत. यात चूक होणं शक्य नव्हतं.

त्या दिवशी सेल बांधताना फोन वाजला. भाऊजींचा होता.

भाऊजी म्हणजे ताईचे यजमान. ते सल्लागार होते. कशाचे, हे विचारायचा धीर घरात कुणाला झाला नव्हता. माणूस वाईट नव्हता, उलट फार गोड होता, पण त्यांची एक खासियत होती. घरात कुणीही काहीही केलं की शेवटी ते भाऊजींच्या अंगाला लागायचं. बाबांचं डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा धावपळ ताईने केली, दवाखान्यात बसून धाकटी राहिली, आणि भाऊजी फुलं घेऊन आले ते नेमके डॉक्टर आले तेव्हा. तेव्हापासून सगळे नातेवाईक म्हणतात, जावई होते म्हणून निभावलं. घराला रंग दिला तेव्हाही शिडीवर आई होती. फोटोत मात्र हातात ब्रश घेऊन भाऊजी आहेत.

"धाकटे, एक मिनिट आहे का?" भाऊजी म्हणाले.

"सेल बांधतेय, भाऊजी."

"बांध, बांध. मी काही अडवत नाही. फक्त एवढंच सांग, माझ्या फोनचं चार्जिंग दुपारीच का संपतं? आता घरात बॅटरीची तज्ज्ञ असताना मी दुकानात विचारायचं, हे बरं दिसत नाही."

फोन खांद्याने कानाशी दाबून धाकटीने त्यांना समजावलं. ते "अच्छा, अच्छा" म्हणत राहिले, आणि तेवढ्यात सेल बांधून झाला. स्वभाव कळायच्या आधीच ज्याला नाव मिळालं असा तो पहिला सेल. तिने चिठ्ठीवर लिहिलं: भाऊजी.

बाकीचे सेल नेहमीच्या वळणाने गेले. आत्या फुगली, मामांनी मान टाकली. भाऊजी मात्र सुरुवातीला क्षमतेत इतके कमी पडले की धाकटीने त्यांच्याकडे बघणंच सोडलं. मग ते चढायला लागले. दर चार्जला थोडे, दर डिस्चार्जला थोडे, पण खाली यायचं नाव नाही. महिनाभराने त्यांनी आजोबांना मागे टाकलं आणि पुढे त्या प्रयोगशाळेत आजवर झालेल्या प्रत्येक सेलला. सरांनी ग्राफ बघितला आणि चष्मा काढून पुन्हा घातला.

"बाकीच्यांचे कॅथोड झिजतात," सर म्हणाले, "आणि आपला वाढतो! अगं, हे काय करून ठेवलंस तू?"

"काहीच वेगळं नाही केलं, सर."

"हाच तर विनय. बिस्मथ जागेवर बसलं, दुसरं काय!"

भाऊजींचा ग्राफ प्रबंधाच्या मुख्य प्रकरणात गेला. नावही ठरलं: 'जलीय जस्त-आयन बॅटरीसाठी सुधारित कॅथोड'. सरांनी विभागात पेढे नाही, पण बिस्किटं वाटली, आणि ती त्यांच्या हिशेबाने मोठी गोष्ट होती. घरी भाऊजींना कळलं की विक्रम करणाऱ्या सेलला त्यांचं नाव आहे. त्यांनी नम्रपणे ते सगळ्यांना सांगितलं.

प्रबंध छापून झाला, परीक्षेची तारीख लागली. सरांना तेवढ्यात हौस आली की सेल उघडून लेपाचा सूक्ष्मदर्शकाखाली एक झकास फोटो काढावा आणि परीक्षेत पडद्यावर दाखवावा. धाकटीने पक्कड घेऊन सेल उघडला, चिमट्याने चकती काढली, पाण्याने धुतली आणि खिडकीशी धरली. चकतीवर छान जाड, तपकिरी-काळा थर होता. आणि कडेला कान कापलेला होता.

 धाकटी चकती तशीच धरून डाव्या बशीकडे गेली. कोऱ्या चकत्यांचं झाकण उघडलं. सगळ्या कान कापलेल्या आणि त्यांच्यात एक, एकच, अखंड गोल. लेपाची. फोनवर बोलता बोलता अदलाबदल झाली होती, आणि जी भाऊजींच्या पोटात जायला हवी होती ती इथे महिनोन् महिने आराम करत होती.

तिला समजायला वेळ लागला नाही, आणि तेच जास्त वाईट होतं. लेप नव्हताच. पाण्यात सरांनी मँगनीजचा क्षार घातला होता ना, त्याच मँगनीजने चार्ज होताना कोऱ्या कागदावर बसायला सुरुवात केली होती. रोज थोडं, रोज थोडं. म्हणून सेल चढत होता. जगभर सगळे डोळ्यांत तेल घालून जो कॅथोड सुधारत होते, तो इथे नव्हताच, आणि नसल्यामुळे छान चालला होता. ती खुर्चीवर बसली आणि तिला आधी हसू आलं. मग बिस्मथची ती पूड आठवली, भट्टीचा तो उकाडा, हातमोज्यांतून न जाणारा काळा डाग, आणि तिला रडू आलं. दोन्ही खरं होतं.

एक प्रश्न मात्र उरला. असा कोरा सेल तुलनेसाठी मुद्दाम बांधून बघायचा असतो, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं. मग चार वर्षांत तो कुणीच का लावला नव्हता? याचं उत्तर टेस्टरवर होतं. खोबणी मोजक्या आणि रांग मोठी. कधीतरी धाकटीने विचारलं होतं, तेव्हा सर म्हणाले होते, "रिकाम्या सेलसाठी खोबण अडवायची? कामाच्या सेलना जागा नाही इथे!" तिनेही तेव्हा मान डोलावली होती.

आता तिने कुणाला न विचारता आजोबांना बाहेर काढलं आणि कोरे सेल लावले, मुद्दाम, कान नीट बघून. सगळे चढले. मग आपल्या पुडीचा एक सेल मँगनीज न घातलेल्या पाण्यात लावला. पूड मुकाट्याने विरघळून गेली. तेव्हा ती सरांच्या खोलीत गेली आणि सगळं सांगितलं.

सर टेबलावरच्या कागदांची चळत सरळ करायला लागले.

"म्हणजे आपण ग्रॅममागे क्षमता मोजली ती..."

"नसलेल्या लेपाच्या ग्रॅममागे, सर. खरं वजन घातलं तर शून्य. शून्याने भागलं तर क्षमता अनंत. अनंत अजून कुणाला मिळालेली नाही."

सरांना हसू आलं नाही. क्षणभर तर असं वाटलं, की हे छापता येईल का याचा ते विचार करताहेत.

"फोटोत कान दिसतो का?" त्यांनी विचारलं.

"नाही. फोटो फार जवळचा असतो."

"मग कान बघितला कुणी?"

"मी बघितला, सर."

"अगं, मी तुला खोटं बोल म्हणतोय का? ग्राफ खरा आहे. सेल खरा आहे. प्रबंध छापलाय. विचारलं तर सांग, नाही विचारलं तर कशाला अंगावर ओढून घ्यायचं? ही शेवटची मुदत आहे. पुढच्या वेळी भांडायला मी नसेन इथे." मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "पोरी, चार वर्षं तू मेहनत केलीस ती काय खोटी होती?"

मेहनत खोटी नव्हती.  विचारलं तर सांगायचं, हे तिने स्वतःशी ठरवलं आणि त्याच वेळी मनातल्या मनात प्रार्थना केली की कुणी विचारू नये.

तोंडी परीक्षा खुली असते, कुणालाही बसता येतं. आई-बाबा मागच्या रांगेत बसले, आईच्या मांडीवर पर्स आणि पर्सवर घट्ट हात. ताई त्यांच्या शेजारी. भाऊजी नवा कोट घालून थेट पहिल्या रांगेत, कारण सेल त्यांच्या नावाचा होता. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई वयस्क होत्या, अंगात साधा स्वेटर, हातात प्रबंधाची प्रत आणि तिच्यात पेन्सिल खुपसलेली. धाकटीने भाषण केलं. पडद्यावर भाऊजींचा ग्राफ आला आणि चढत चढत गेला. मागे कुणीतरी दबक्या आवाजात "वा" म्हणालं. ते बहुधा बाबा होते.

बाईंनी पेन्सिल काढली. सुरुवातीला किरकोळ विचारलं, भट्टीचं तापमान, पाण्याची आम्लता. धाकटी उत्तरं देत गेली आणि तिला वाटायला लागलं, सुटलो आपण. मग बाई म्हणाल्या, "हा शेवटचा सेल फार चांगला आहे. कोरा सेल लावून पाहिला होता का, तुलनेसाठी?"

"अर्थातच," सर म्हणाले.

"मी त्यांना विचारलं."

 धाकटीने समोर बघितलं. सर मान हलवत होते, हळू, समजूत घालणाऱ्या माणसासारखी. आणि पहिल्या रांगेत भाऊजीही मान डोलावत होते. कोरा सेल म्हणजे काय, तो कशाला लावतात, कुणाचं काय बिघडतं, यातलं भाऊजींना काडीचंही कळलेलं नव्हतं. पण चेहऱ्यावर अशी खात्री, की जणू तो सेल त्यांनी स्वतः रात्र जागून लावला होता. हो, हो, लावला ना. अगदी नंदीबैल. धाकटीला ते बघवेना, आणि त्याच क्षणी तिच्या लक्षात आलं की तिची स्वतःची मानही हलायला लागली आहे.

तिने मान थांबवली.

"लावला होता," ती म्हणाली. "हाच तो."

"हाच म्हणजे?"

"हा ग्राफ. यात माझा कॅथोड नाही. चुकून कोरी चकती बसली. जे काही साठलं ते पाण्यातल्या मँगनीजचं आहे. माझ्या पुडीने यात काहीही केलेलं नाही." मग तिने खिशातून काचेची छोटी डबी काढली आणि टेबलावर ठेवली. आत चकती होती. डबी तिने का आणली होती, हे तिलाही तोवर ठाऊक नव्हतं.

बाईंनी चकती उजेडात धरली. "ही खाच कुणी मारली?"

"मी. कोरी ओळखू यावी म्हणून. कोऱ्या चकतीचा कान कापते मी."

"हं," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी खाचेवरून बोट फिरवलं. "चार वर्षांचा प्रबंध वाचला मी. त्यात सगळ्यांत काळजीपूर्वक केलेलं काम हे आहे, आणि नेमकं हेच तुम्ही कुठे लिहिलेलं नाही."

पदवी त्या दिवशी मिळाली नाही. बाईंनी प्रबंध परत केला. पुन्हा लिहा, म्हणाल्या, कोऱ्या सेलपासून सुरुवात करा, आणि नावातला 'सुधारित' हा शब्द काढून टाका. मुदतीचं मी संस्थेला कळवते. 'सुधारित'वर त्यांनी तिथल्या तिथे पेन्सिलीने काट मारली. उरलं ते 'जलीय जस्त-आयन बॅटरीसाठी कॅथोड', आणि ते इतकं साधं दिसत होतं की धाकटीला पहिल्यांदाच ते आपलं वाटलं. पण आता पायऱ्या उतरायच्या होत्या. आईला काय सांगायचं, हे तिला सुचत नव्हतं.

व्हरांड्यात सर बाईंना सोडायला निघाले होते. "मी तिला पहिल्यापासून सांगत होतो," सर म्हणत होते, "कोऱ्या सेलशिवाय आपल्या शास्त्रात काही खरं नाही." बाई ऐकत होत्या. सरांच्या चेहऱ्यावर लबाडी शोधून सापडली नसती. त्यांना ते आता खरंच तसं आठवत होतं.

आणि जिन्याखाली घरची मंडळी होती. आई रडत होती, ताई तिला पाणी देत होती, बाबा उगीच घड्याळ बघत होते. मधोमध भाऊजी उभे होते, कोटाचं बटण लावून.

"रडायचं काय त्यात?" ते आईला समजावत होते. "पोरगी खरं बोलली. सोपं नसतं ते! मी समोर बसलो होतो ना. तिला प्रश्न विचारला, ती घाबरली, तिने माझ्याकडे बघितलं. मी फक्त अशी मान हलवली. म्हटलं, घाबरू नकोस, बोल. आणि बोलली की नाही?"

आईने डोळे पुसले आणि जावयाकडे बघितलं. ती नजर धाकटीला ओळखीची होती. ऑपरेशनच्या वेळची.

"खरं का गं?" आईने विचारलं. "यांच्यामुळे बोललीस?"

धाकटीने तोंड उघडलं. तिला म्हणायचं होतं, नाही, यांना काहीही कळलेलं नव्हतं, हे फक्त तिथे बसले होते. सगळं तोंडाशी आलं होतं. पण एकदा खरं बोलायला लागलं की मध्येच थांबता येत नाही, आणि खरं हे होतं की भाऊजी तिथे तसे मान डोलावत बसले नसते तर तिने मान डोलावली असती.

"हो," ती म्हणाली. "यांच्यामुळेच."

भाऊजींनी नम्रपणे मान हलवली.